डायनॅमिक माइक सॅम्पलरला लावलाय, हेडफोनात आवाज येतोय पण स्पीकरमधनं गायब, काय करू?

हलगी_ऑन_पॅड
मंडळी, जरा सल्ला पाहिजे. माझ्याकडं रोलँडचा एसपी-४०४ एमके टू सॅम्पलर (आवाज भरून ठेवून पॅड दाबला की वाजवणारं मशीन) हाय, वर्षभर झालं, हलगी, ताशा, आज्जीच्या जात्यावरच्या ओव्या असलं सगळं पॅडवर टाकलंय आणि त्यावर मी आणि एक दोस्त मिळून रॅप करतोय. माइक शूअरचा एसएम ५८. आत्तापर्यंत माइक साऊंडवाल्याच्या मिक्सरला आणि सॅम्पलर वेगळा असं चालायचं, पण आता आवाजच सॅम्पलरमधनं न्यायचाय, कारण त्यातला व्होकोडर (आवाज रोबोटागत करतोय) आणि हार्मनी (आवाजाला जोडीचे सूर लावतंय) लाईव्ह मारायचंय आणि मधेच एखादी ओळ पकडून पॅडवर टाकायची.

तर दुकानदारानं एक केबल दिली, एका बाजूला एक्सएलआर (माइकला लागतो तो गोल तीन पिनांचा जोड), दुसऱ्या बाजूला मोबाईलला लावतात तसली साडेतीन एमएमची पिन. म्हणाला सगळ्याला चालते. त्याला पुढं माझ्याकडची दोन मोठ्या पिनांची वाय केबल जोडली आणि लाईन इनच्या लेफ्ट राइटला घातली. एक्स्टर्नल सोर्सचं बटण चालू. घरी हेडफोनवर आवाज बारीक पण येत होता, थोडा डोक्याच्या मागनं आल्यागत. गेन वाढवला तर सूं सूं. म्हटलं चालतंय. परवा कॉलेजच्या गॅदरिंगला लावलं तर बीट दणकून वाजालंय आणि माझा आवाज न्हाईच! मी आपला तोंड हलवालोय. मागनं पोरं ओरडाली, "मुका पिक्चर लागलाय रं". शनिवारी दसरा चौकात शाहू स्मारकला छोटा कार्यक्रम हाय. बजेट पाच-सहा हजार. काय घेऊ?

साऊंडवाला_शाहूपुरी
एक विचारतो, त्या दिवशी सॅम्पलरमधून बाहेर एकच पिन काढली होती का, लेफ्ट/मोनोची?

हलगी_ऑन_पॅड
व्हय दादा, साऊंडवाल्यानं एकच लाईन दिलेली.

साऊंडवाला_शाहूपुरी
मग सापडलं. माइक खराब नाही, सॅम्पलरही नाही. एक्सएलआरमध्ये तीन पिना असतात, एक नंबर शिल्ड, दोन नंबरवर आवाज आणि तीन नंबरवर तोच आवाज उलटा. बॅलन्स्ड लाईन म्हणतात ती हीच. तुझ्या त्या केबलमध्ये बहुतेक दोन नंबर टोकाला आणि तीन नंबर मधल्या रिंगला जोडलीय, म्हणजे वाय केबलनंतर लेफ्टला सरळ आणि राइटला उलटा आवाज गेला. हेडफोनात दोन कान वेगळे असतात म्हणून ऐकू आलं, ते डोक्याच्या मागून वाटणं पण त्यामुळंच. स्टेजवर मोनो, म्हणजे लेफ्ट राइट मिळून एकच लाईन, काढल्याबरोबर सरळ आणि उलटा एकत्र आले आणि एकमेकांना खाऊन टाकलं. हलगी वाजली कारण ती दोन्हीकडं सरळच होती.

खात्री करायची असेल तर ती केबल मीटरवर धरून बघ, तीन नंबर रिंगला लागलेली निघेल. 

बेस_पंचगंगा
भावा तो बारीक आवाजाचा प्रश्न वेगळा हाय. त्याला इनलाईन बूस्टर मिळतात बघ, माइक आणि केबलच्या मधी लावायचे, वीस-पंचवीस डीबी वाढवून देतात. एक घे आणि विषय संपव.

रंकाळ्यावरची
अहो बूस्टर चालणार कशावर? त्याला ४८ व्होल्टचं फँटम, म्हणजे माइकच्या केबलमधनंच येणारी वीज, लागतं आणि ४०४ ला ना एक्सएलआर हाय ना फँटम. मी स्वतः हे येडेपण करून बसलो, बूस्टर आणला आणि लावल्यावर एकदम शांतता. (हो, मुलगीच हाय, पण कोल्हापूरची हाय, "मी बसलो"च म्हणणार.)

हलगीवाल्या, तू लाईन इनला का गेलास? एमके टूला माइक आणि गिटारसाठी वेगळं पाव इंची इनपुट हाय की. एक्सएलआर फिमेल ते मोनो पाव इंची केबल घे किंवा कुणाकडनं सोल्डर करून घे. दोन नंबर टोकाला, एक आणि तीन मिळून बाहेरच्या नळीला. मोनो पिन पाहिजे, दोन काळ्या रेघांची स्टिरिओ नको. दोन-तीन मीटरपेक्षा लांब नको, ही लाईन आता बॅलन्स्ड राहत न्हाई, सगळी घरघर ओढून घेते. घरी प्रॅक्टिसला एवढं बास.

साऊंडवाला_शाहूपुरी
घरी बास, स्टेजवर नाही. ५८ ची सेन्सिटिव्हिटी १ पास्कलला १.८५ मिलिव्होल्ट आहे, लाईन लेव्हल, म्हणजे लाईन इनला लागणारा सिग्नल, साधारण व्होल्टाच्या तिसऱ्या हिश्श्याएवढा किंवा त्याच्या पुढं. मधलं अंतर चाळीस डीबीच्या वर. तू माइकला ओठ टेकवून ओरडलास तर थोडं कमी लागेल, पण माइकचा बारीक सिग्नल वाढवणारा नीट प्रीॲम्प हवाच. १९६६ पासून हा माइक स्टेजवर चालतोय तो समोर मिक्सर असतो म्हणून.

तुझ्या बजेटात छोटा मिक्सर घे. बेहरिंगर झेनिक्स ५०२ सारखा, माइकचं एकच चॅनल असलेला चालेल. माइक मिक्सरला, मिक्सरचा मेन आउट सॅम्पलरच्या लाईन इनला, सॅम्पलरचा आउट थेट साऊंडवाल्याला. मिक्सर इथं फक्त प्रीॲम्पचं काम करतोय.

रंकाळ्यावरची
दादा त्यात एक लोचा हाय, बीट आणि आवाज एकाच लाईनीत जातोय. साऊंडवाला म्हणणार आवाज वाढीव, आणि वाढवणार काय, हलगी पण सोबत वाढणार. म्हणून सेंड (चॅनलचा थोडा आवाज वेगळ्या वाटेनं बाहेर पाठवायची सोय) असलेला मिक्सर बघ, झेनिक्सच्याच ८०२ ला एफएक्स सेंड हाय, नवा बजेटात बसला न्हाई तर जुना शोध. माइक मिक्सरलाच राहू दे, साधा आवाज तिथनंच बाहेर. फक्त सेंडनं थोडा सॅम्पलरला पाठवायचा आणि सॅम्पलरचा आउट मिक्सरच्या स्टिरिओ चॅनलला परत. आणि हे वहीत लिहून ठेव: त्या परतीच्या चॅनलचं सेंड झिरो. न्हाईतर सॅम्पलरचा आवाज परत सॅम्पलरलाच जातो आणि अशी किंकाळी उठते की पहिल्या रांगेतल्या बायका कानात बोटं घालतात. मला माहितीय कारण त्यातली एक आमची आई होती.

बेस_पंचगंगा
बूस्टरचं माझं चुकलं, मान्य. पण मिक्सर आला की घुंsss पण येतंय, त्याला तीन पिनांच्या प्लगची मोठी पिन काढली की जातंय, आमच्या मंडळात सगळे तसंच करतात.

साऊंडवाला_शाहूपुरी
अजिबात करू नका. ५८ ची जाळी लोखंडी आहे आणि ती ओठाला लागलेली असते. कुठं लीकेज झालं तर जायला रस्ता अर्थिंगचा, तोच तुम्ही तोडला तर रस्ता गायकातून. मंडळात आजवर काही झालं नाही म्हणजे होणार नाही असं नसतं. घुं येतंय ते बहुतेक सॅम्पलरच्या चार्जरमुळं. ४०४ सहा पेन्सिल सेलवर चालतो, नाहीतर यूएसबी-सी ला पॉवर बँक लाव, मिक्सर आणि सॅम्पलर दोघांची मेन्समधून गाठ पडत नाही आणि घरघर जाते.

रंकाळ्यावरची
आणि माइकची जाळी मुठीत धरू नकोस. तुम्ही रॅपर पोरं धरता, फोटोला भारी दिसतं पण माइक मागून ऐकायचा बंद असतो तो सगळीकडनं ऐकायला लागतो आणि मॉनिटर, म्हणजे गायकाकडं तोंड केलेला स्टेजवरचा स्पीकर, शिट्टी मारतो. मॉनिटर बरोबर माइकच्या शेपटीच्या दिशेला ठेव.

हलगी_ऑन_पॅड
झाला बाबा शनिवार. दोस्ताच्या भावाकडं जुना ८०२ पडून होता, तोच उचलला. राजारामपुरीत एक काका मिक्सर दुरुस्त करतात त्यांच्याकडनं केबल बनवून घेतली, त्यांनी ती दुकानातली केबल मीटरवर धरली आणि दादांनी सांगितलं तेच निघालं, तीन नंबर रिंगला. सॅम्पलर पॉवर बँकेवर. साऊंड चेकला परतीच्या चॅनलचं सेंड चुकून चालू राहिलेलं, एकदाच किंचाळलं, तरी बंद केलं पटकन.

ओव्यांवर व्होकोडर मारला तेव्हा आज्जी पहिल्या रांगेत होती. नंतर म्हणाली, "माझा आवाज डब्यात कोंडून का वाजीवलास?" तिला सांगितलं, आज्जे, तो माझा आवाज होता, तुझा नुस्ता मागं होता. आता तिला स्वतः माइकवर म्हणायचंय, तर दुसरा माइक लागणार. ८०२ ला माइकची दोन चॅनल हायतच. आज्जी हळू आवाजात म्हणते आणि माइकपासनं हातभर लांब बसते, तिला ५८ च चालंल का दुसरं काय बघू?

रंकाळ्यावरची
आधी ५८ देऊन बघ, पण आज्जीला जवळ बसीव. चार बोटांवर. हातभर लांबनं तुझी हलगीच जास्त जाईल तिच्या माइकमधी.