ठाण्यात भाड्याने देण्यासाठी फ्लॅट घेतेय, वरखर्चाचा हिशेब तपासून द्याल का?

नमस्कार मंडळी. कासारवडवलीत जुना वन बीएचके ६८ लाखांना ठरलाय. राहायला नाही, भाड्याने द्यायला. मी शिक्षिका आहे, निवृत्तीला पाच वर्षं उरलीत. तेव्हा दरमहा हक्काचे पैसे हातात यावेत म्हणून हा खटाटोप. टोकन दिलंय, अ‍ॅग्रीमेंट पंधरा दिवसांत.

एजंटने पावतीच्या मागे पेनने ‘वरखर्च ४ लाख’ लिहून दिलं होतं. काल रात्री वहीत एकेक रक्कम मांडली, तर गाडी ६ लाखांच्या पुढे गेली. स्टँप ड्युटी ७ टक्के, त्यात स्थानिक संस्था आणि मेट्रोचा एकेक टक्का आलाच. रेडी रेकनरने (सरकारी दरतक्त्याने) किंमत ६१ लाख निघते, पण ड्युटी जास्तीच्या रकमेवर, म्हणजे ६८ लाखांवर: ४,७६,०००. रजिस्ट्रेशन ३०,०००. दलाली १ टक्का, ६८,०००. वकील आणि बँकेची प्रोसेसिंग फी वेगळी. भाडं १८,००० धरलं तर पावणेतीन वर्षांचं भाडं यातच जातं! बँक ड्युटीवर कर्ज देत नाही, सगळं साठवणीतूनच काढायचंय.

दोन ठिकाणी अडलेय.

एक, फ्लॅट एकट्या माझ्या नावावर घेतला तर महिलांच्या सवलतीने ड्युटी ६ टक्के, ६८,००० वाचतात. पण कर्ज माझ्या एकटीच्या पगारावर बसत नाही. यांचं नाव घातलं की सवलत जाते का?

दोन, सोसायटी ट्रान्सफरचे १ लाख मागतेय, ‘विकास निधी’ म्हणून. उद्या भाडेकरू ठेवायचा तर याच कमिटीशी रोजचा संबंध. भांडण नकोय, पण लाखभर रुपये असे सोडवतही नाहीत.

—

प्रतिसाद:

ताई, हिशेब बरोबर आहे, एजंटचाच आकडा कच्चा.

सवलत सगळे खरेदीदार महिला असतील तरच. मिस्टरांना सहकर्जदार करा, मालक करू नका. बँका हे सहसा मान्य करतात. मात्र मालक नसल्याने व्याजाची वजावट त्यांना मिळणार नाही, आणि त्यांच्या पैशातून घेतलेल्या हिश्श्याचं भाडं आयकरात त्यांच्याच उत्पन्नात धरलं जाईल. म्हणून हप्ता शक्यतो तुमच्या खात्यातून जाऊ द्या. पुढे पुरुषाला विकायला १५ वर्षं थांबण्याची अट होती, ती २०२३ मध्ये निघाली.

सोसायटीचं म्हणाल तर महापालिका हद्दीत ट्रान्सफर प्रीमियम २५,००० च्या वर घेता येत नाही, ९ ऑगस्ट २००१ चं शासनाचं परिपत्रक आहे. निधी, देणगी, कुठल्याही नावाने नाही. वाद घालू नका, ‘मागणी लेटरहेडवर द्या, बँकेला दाखवायची आहे’ एवढंच नम्रपणे सांगा. आमच्या इमारतीत ते पत्र आलंच नाही आणि २५,००० वर काम झालं. भाडेकरू ठेवल्यावर नॉन-ऑक्युपन्सी चार्जेस (मालक स्वतः राहत नाही म्हणून सोसायटी घेते ते शुल्क) हेही सेवाशुल्काच्या १० टक्क्यांपर्यंतच.

वहीत एक ओळ राहिली. व्यवहार ५० लाखांच्या वर असल्याने १ टक्का टीडीएस (पैसे देतानाच कापायचा आयकर) कापायचा. हा वरखर्च नाही, विकणाऱ्याच्या रकमेतून जातो, म्हणजे त्याच्या हाती ६७,३२,०००. तो भरायची जबाबदारी मात्र तुमची, ज्या महिन्यात कापला तो संपल्यापासून ३० दिवसांत. विकणाऱ्याचं पॅन अ‍ॅग्रीमेंटच्या आधीच घेऊन ठेवा.