साहेबांवर लिहिलं की लगेच शहराची बदनामी कशी काय?

राजवाडा_कट्टा : आमच्या मोहल्ल्यातल्या एका पोरानं नाल्याचा व्हिडिओ टाकला, पाणी पार दुकानाच्या पायरीवर, दुकानदार पिठाची गोणी उचलून खुर्चीवर ठेवतोय, आणि खाली लिहिलं की महापालिकेच्या झोनच्या साहेबांनी पावसाळ्याआधी काय साफ केलं ते दाखवावं. झालं, ग्रुपवर आपलीच मराठी मंडळी तुटून पडली, स्वच्छतेत नंबर वन इंदौरचं नाव खराब करतोस म्हणे, एकानं तर राजद्रोहच लावा म्हटलं! अहो साहेब म्हणजे शहर का, आणि शहर म्हणजे देश का? १८७० ला इंग्रजांनी राजद्रोहाचं कलम १२४ ए आणलं ते असल्याच हिशोबानं. साहेबाची इज्जत साहेबाची, खोटं लिहिलं असेल तर त्यानं स्वतःच्या खिशातून वकील करावा.

सराफा_रात्री_बारा : काका, एकच बाजू सांगताय. इथे गल्लोगल्ली माइक घेतलेले पोर्टलवाले, गाडीवर ‘प्रेस’, बातमी लावू का म्हणत पैसे मागतात, माझा मेव्हणा सब इंजिनियर आहे त्याच्याकडे असाच एक येऊन गेला आणि पैसे नाही दिले तर दुसऱ्या दिवशी फोटोसकट ‘भ्रष्ट’. आणि टिळकांचं नाव निघायच्या आधीच सांगतो, १८८२ ला कोल्हापूरचे कारभारी बर्वे यांच्यावर केसरी-मराठात जे आलं त्यामागची पत्रं बनावट निघाली, टिळक-आगरकर दोघंही डोंगरीच्या जेलात १०१ दिवस. खोटं ते खोटंच ना.

जुनी_इंदौरवाली : भाऊ, अर्धीच गोष्ट सांगितलीस. पत्रं बनावट होती हे खरं, पण ओरड कशाची होती, की कोवळ्या महाराजांचे हाल होतायत. पुढच्याच वर्षी डिसेंबरात चौथे शिवाजी महाराज नगरच्या किल्ल्यात ग्रीन नावाच्या गोऱ्या सोल्जरशी झटापट होऊन वारले, वय वीस. म्हणजे केस कारभारी जिंकले आणि ज्याच्यासाठी लिहिलं तो पोरगा काही वाचला नाही. पेपरवाल्याकडे पक्का कागद नसतो कारण तो कागद साहेबाच्याच कपाटात असतो! आपल्याकडचंही घ्या, राजेरजवाड्यांवर पेपरांनी लिहू नये म्हणून १९२२ चा कायदा, असेंब्लीनं नाकारला तरी व्हाइसरॉय रीडिंगनं रेटून आणला. तरी १९२५ ला मुंबईत इंदौर दरबारच्या माणसांनी बावला नावाच्या व्यापाऱ्याचा खून केला त्याचा बोभाटा दाबता आला नाहीच, पुढच्या वर्षी आपले तुकोजीराव होळकर गादीवरून उतरले.

कोर्टाची_पायरी : राजद्रोहवाल्यांनी जरा दम धरा. १९६२ च्या केदारनाथ केसपासून नुसती टीका त्यात बसतच नाही, हिंसेला चिथावणी लागते. १२४ ए ला मे २०२२ मध्ये सुप्रीम कोर्टानं ब्रेक लावला, जुलै २०२४ पासून नव्या न्याय संहितेचं कलम १५२ आलं, ते देशाच्या एकतेबद्दल, नाल्याबद्दल नाही. खरी मेख त्याच संहितेच्या बदनामीच्या कलम ३५६ मध्ये आहे, दोन वर्षांपर्यंत सजा, आणि ड्युटीबद्दल लिहिलं असेल तर शासनाची मंजुरी घेऊन सरकारी वकीलच सेशन्स कोर्टात तक्रार टाकू शकतो, म्हणजे अब्रू साहेबाची आणि खर्च आपल्या टॅक्सचा. आपल्याच एमपीत व्यापमच्या भरती-परीक्षा घोटाळ्यावरून तेव्हाच्या मुख्यमंत्र्यांवर बोलणाऱ्या विरोधी प्रवक्त्यावर अशी केस झाली होती, २०१८ ला सुप्रीम कोर्टानं रद्द केली, म्हणे आरोपांचा सरकारी कामाशी संबंध नाही तर सरकारी वकील कशाला.

सराफा_रात्री_बारा : पण मेव्हण्याची बदनामी सरकारी कामामुळेच झाली ना? मग त्यानं पगारातून का भरायचं?

राजवाडा_कट्टा : पैसे मागितले तर खंडणीची रिपोर्ट लिहवा की.

सराफा_रात्री_बारा : पुरावा कुठून आणू काका, चहा पिता पिता तोंडी मागतात.

कोर्टाची_पायरी : सरकारी वकिलामार्फत जायचं असेल तर सहा महिन्यांच्या आत, मेव्हण्याला सांगा. आणि त्या पोरालाही कोणीतरी सांगा, मूळ व्हिडिओ तारखेसकट जपून ठेव, कापाकापी केलेला चालणार नाही. खरं आहे आणि लोकांच्या भल्यासाठी टाकलं हे उद्या त्यालाच दाखवावं लागेल, साहेबाला नाही.