सायकलवर आणि ऑफिसात एकच बूट चालेल का?

प्रश्न (कोथरूडकर): कोथरूड डेपो ते शिवाजीनगर, रोज सायकलने. ऑफिसात फॉर्मल बूट सक्तीचे. सध्याच्या काळ्या बुटांचा तळ चामड्याचा, गुळगुळीत. परवा रिमझिम पावसात नळ स्टॉपच्या सिग्नलला पाय पेडलवरून सटकला आणि नडगी सोलली. वर उजव्या बुटाची नाडी चेनमध्ये गेली, ती वेगळीच गंमत. स्पोर्ट्स शूज घालून मीटिंगला बसलो तर साहेब आधी पायांकडे बघतात. काय घ्यावं?

पेडलवाला: चामडी तळ विसरा. रबरी सोलचे, बिननाडीचे काळे बूट बघा. दुकानात सोल हाताने वाकवून बघा. फार लवचीक असेल तर पेडल तळव्याला टोचतं. आहेत तेच वापरायचे तर बूट दुरुस्तीवाल्याकडून खाली रबर चिकटवून घ्या.

जुनी हर्क्युलिस: पेडलपण बघा की! खिळे असलेलं पेडल पकड देतं, पण सोल कुरतडतं. ऑफिसच्या बुटांना रुंद रबरी पेडल बरं.

रेनकोट: मी हा नाद सोडला. फॉर्मल जोड ऑफिसच्या खणात, सायकलवर जुने कॅनव्हास. मोजे मात्र बदलायचे, नाहीतर शेजारी बसणारे बोलायचे बंद होतात.

कोथरूडकर: खणात डबा, छत्री आणि फाइली आहेत हो. आधी रबर लावून बघतो. भिजले की वर्तमानपत्राचे बोळे कोंबून पंख्याखाली ठेवतोच. उन्हात ठेवून एक जोड तडकवलाय.

पेडलवाला: नाड्या आत खोचा तोवर!