पोरीने आर्किऑलॉजी शिकावं का? आमच्या घरात दोन तट पडलेत

पाचपाखाडीकर: मुलगी जिऑलॉजीत बीएस्सी झाली, आता पुण्याला डेक्कन कॉलेजात पुरातत्त्वात एमए करायचं म्हणते, तेही अश्मयुग, ताम्रपाषाणयुग (तांब्याची आणि दगडाची हत्यारं एकत्र वापरायचे तो काळ). आजी आणि काका विरोधात, मी तिच्या बाजूने. शिरूरकडे मामाच्या गावी पांढरीच्या टेकाडावर (जुन्या वस्तीच्या मातीच्या उंचवट्यावर) तिला एक खापरी मिळाली, तांबडी, वर काळ्या रेघा, नखाने वाजवली तर टण्ण आवाज. म्हणाली बाबा ही जोर्वे पद्धतीची, ताम्रपाषाणयुगातली, तीन हजार वर्षं तरी जुनी. फोटो काढला, जागा लिहून घेतली आणि खापरी होती तिथेच ठेवली. तेव्हाच मी ठरवलं, हिला अडवायचं नाही.

घणसोलीकर: दादा, मी हेच शिकलोय म्हणून कळकळीने सांगतो, नका पाठवू. सहा-सहा महिन्यांची कंत्राटं, उत्खनन संपलं की आपण घरी, पुढच्या सीझनपर्यंत खायचं काय? आता महापेला आयटी सपोर्टला आहे. आधी नोकरी लागू दे, मग कलिनाला मुंबई विद्यापीठाचे पुरातत्त्वाचे छोटे कोर्स करता येतील की.

कळव्याची ताई: अजिबात पटलं नाही. शनिवार-रविवारच्या कोर्सने आवड भागते पण मातीचे थर वाचता येत नाहीत, त्याला खड्ड्यात महिनोन्महिने बसावं लागतं. तुमच्या शिरूरकडच्याच इनामगावला, ताम्रपाषाणयुगातल्या वस्तीवर, १९६८ पासून कितीतरी सीझन खणलं तेव्हा कळलं, की लहान मूल गेलं तर दोन रांजण तोंडाला तोंड लावून त्यात ठेवून घराच्याच जमिनीखाली पुरायचे आणि मोठ्या माणसांना पावलं घोट्यापासून तोडून पुरायचे. ना लेख, ना राजाचं नाव, सगळं हाडं आणि मातीतून काढलेलं. जिऑलॉजीवाली पोरगी तर यात हवीच!

नेरूळवाला: शिकू दे, पण प्राचीन ऐतिहासिक काळ घेऊ दे ना. ब्राह्मी लिपी वाचता आली की म्युझियमचीही वाट खुली होते. आपल्याच भागात बघा, नालासोपाऱ्याचा स्तूप अभ्यासक भगवानलाल इंद्रजींनी १८८२ मध्ये उघडला, त्याच सोपारा परिसरात अशोकाच्या लेखाचे तुकडे मिळाले, कान्हेरीच्या लेण्यांत कल्याणच्या व्यापाऱ्यांची दानं नावानिशी कोरलेली आहेत.

पाचपाखाडीकर: नावं कोरणाऱ्यांची नोंद राहिलीच हो. रत्नागिरीच्या सड्यावर जांभ्यात हत्ती, मासे कोरून गेलेल्यांचं एक अक्षर मागे नाही, २०२२ मध्ये ती कातळशिल्पं युनेस्कोच्या संभाव्य यादीत गेली पण त्यांचा नक्की काळ ठरवायचं काम अजून बाकी आहे. ते कोणी करायचं?

घणसोलीकर: करू दे, मी आडवा येत नाही. पण पहिल्या वर्षापासून जीआयएस (कॉम्प्युटरवर नकाशात माहिती मांडायचं तंत्र) आणि ड्रोन सर्व्हे शिकायला लावा, मी ते केलं नाही आणि तिथेच मागे पडलो.

पाचपाखाडीकर: हे मात्र शंभर टक्के पटलं, आत्ताच तिला वाचून दाखवलं, ती वहीत लिहून घेतेय.