देव मानत नसाल, तरी रविवारी चर्चमध्ये बसून बघायला काय हरकत आहे?

होटगीरोडकर

या कट्ट्यावर देव न मानणारे बरेच आहेत. मीही त्यातलाच. तरी माझं म्हणणं असं की ज्याला शंका आहे त्याने काही महिने तरी चर्चच्या रविवारच्या उपासनेला जाऊन बसावं. बाप्तिस्मा घ्यायला नाही. ज्या गोष्टीवर आपला विश्वास नाही ती निदान समोरून बघितलेली असावी म्हणून.

माझ्या लेखी सगळ्यात मोठं कारण म्हणजे उपदेश. आपण सोलापूरकर गड्ड्याच्या यात्रेला जातो, नंदीध्वज बघतो, सिद्धरामेश्वराला हात जोडतो, भाग्यश्री बटाटेवड्याच्या गाडीपाशी थांबतो आणि घरी येतो. मला ती यात्रा मनापासून आवडते, पण तिथे मला कुणी काही पटवून द्यायला बसत नाही. चर्चमध्ये पाळक, म्हणजे तिथला धर्मगुरू, बायबलमधला उतारा वाचतो आणि पुढचा अर्धा तास त्यावर बोलतो. बऱ्याच मंडळ्यांत, म्हणजे एकेका चर्चच्या समुदायात, वर्षभराचे उतारे आधीच ठरलेले असतात, त्यामुळे अडचणीचा उतारा आला तरी त्याला वळसा घालणं सोपं नसतं. पटलं नाही तर नेमकं काय पटलं नाही हे आपल्याला सांगता येतं. संशयी माणसाला याहून जास्त काय हवं?

शिवाय त्या ग्रंथात संशय घेणाऱ्यांना हाकलून दिलेलं नाही. येशूचा शिष्य थोमा म्हणतो, खिळ्यांच्या खुणा स्वतः पाहिल्याशिवाय मी मानणार नाही. दुःखाने पिचलेला ईयोब तर देवालाच जाब विचारतो. आजारी मुलाचा बाप येशूला सांगतो, माझा विश्वास आहे आणि अविश्वासही आहे, तो तेवढा घालवा. ही माणसं त्या पुस्तकात आहेत हे मला चाळिशी उलटेपर्यंत माहीत नव्हतं.

दुसरी गोष्ट सोबतीची. गिरण्या बंद पडल्या, पोरं पुण्याला गेली आणि जुन्या घरांत म्हातारी माणसं उरली. मंडळीत एखादा लागोपाठ दोन रविवार दिसला नाही की कुणीतरी घरी चौकशीला जातं. २०१६ साली हार्वर्डच्या संशोधकांनी ७४,५३४ परिचारिकांच्या माहितीवरून काढलं की आठवड्यातून एकापेक्षा जास्त वेळा उपासनेला जाणाऱ्यांत मृत्यूचं प्रमाण कधीच न जाणाऱ्यांपेक्षा ३३ टक्क्यांनी कमी होतं.

इतिहासाचं काय, तो तर आपल्या पायाखालीच आहे. ‘ज्ञानोदय’ १८४२ साली नगरला निघालं. आपल्याकडे मिशनच्या वोरोनोको शाळेत शिकलेल्या हिंदू, मुसलमान, लिंगायत बायका घरोघरी सापडतील. एवढे शेजारी असून आपण त्या फाटकाच्या आत कधी गेलेलो नसतो.

तर्कट_काका

होटगीरोडकर, ते ३३ टक्के जरा जपून वापरा. तो निरीक्षणावरचा अभ्यास आहे, प्रयोग नाही. ज्याला घराबाहेर पडता येतं तोच चर्चला जातो, अंथरुणाला खिळलेला जात नाही. संशोधकांनी आधीची तब्येत, सिगारेट, नैराश्य वगैरे धरून हिशेब केला हे मान्य. पण त्या सगळ्या अमेरिकन परिचारिका, बहुतेक गोऱ्या आणि ख्रिस्ती. त्यावरून जुळे सोलापुरातल्या मधुमेही माणसाला काय सांगणार?

आणि गुण सोबतीचा असेल तर देव मध्ये कशाला? सकाळी पार्क मैदानाला चक्कर मारणाऱ्यांत सामील व्हा. लंडनमध्ये जानेवारी २०१३ मध्ये दोन विनोदी कलाकारांनी ‘संडे असेंब्ली’ सुरू केली. देव नाही, बाकी गाणी, भाषण, चहा सगळं आहे.

अजून एक. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये पुण्यात डॉ. दाभोलकरांचा खून झाला आणि डिसेंबरात जादूटोणाविरोधी कायदा आला. तो कायदा बाबा-बुवांसाठी आहे तसाच मंडप घालून ‘प्रार्थनेने कॅन्सर बरा’ म्हणणाऱ्यांसाठीही आहे. तुम्ही उपदेशाचं कौतुक करताय, मी त्या मंडपात इन्सुलिन बंद करून बसलेली माणसं बघितलीत.

होटगीरोडकर

काका, इन्सुलिन बंद करायला सांगणाऱ्याच्या जवळपासही जाऊ नये. तुमची तक्रार करायची तयारी असेल तर मी बरोबर येतो. मी बोलतोय ते जुन्या, साध्या रविवारच्या उपासनेबद्दल.

संडे असेंब्लीचं म्हणाल तर सुरुवातीला जगभर शाखा निघाल्या आणि पुढे त्यातल्या बऱ्याच बंद पडल्या. मला वाटतं नुसतं ‘एकत्र येऊया’ हे एकत्र येण्याचं कारण म्हणून फार दिवस पुरत नाही. लिम आणि पुटनम या अभ्यासकांचा २०१० चा लेख आहे. त्यांना आढळलं की उपासनेला जाणारे जास्त समाधानी असतात ते मुख्यतः तिथे झालेल्या मित्रांमुळे. एकटं येऊन एकटं जाणाऱ्याला तेवढा लाभ नाही. म्हणजे सोबतीचं तुमचं बरोबरच आहे, फक्त ती सोबत मैदानावरच्या चकरांतून तशी जमत नाही. गुडघा दुखायला लागला की चक्कर बंद आणि ओळखही बंद.

विजापूरवेशीतला

पंढरपूर आपल्याच जिल्ह्यात आहे हो. अर्धा तास कोण बोलतं म्हणे! कीर्तनाला बसून बघा, दोन तास एका अभंगाचं निरूपण चालतं. तुकोबांनी देवाशी जेवढं भांडण केलंय तेवढं ईयोबानेही केलं नसेल. हे सगळं उशाशी असताना तुम्हाला चर्चमध्येच का जावंसं वाटतं?

मला विचाराल तर ही हळूहळू आत ओढायची रीत आहे. आज बसा, उद्या चहा प्या, परवा बाप्तिस्म्याच्या पाण्यात उतरा. सुप्रीम कोर्टानेच १९७७ मध्ये स्टॅनिस्लॉस खटल्यात सांगितलंय की धर्माचा प्रचार करता येतो, दुसऱ्याचं धर्मांतर घडवण्याचा हक्क त्यात येत नाही.

होटगीरोडकर

कीर्तनाला जाच की, मी कुठे नको म्हटलं? पण कीर्तनात मी घरचा असतो. कोणत्या ओळीला मान डोलवायची, कुठे टाळी पडते, हे लहानपणापासून अंगात मुरलेलं. त्यामुळे काय म्हणतायत ते मला ऐकूच येत नाही. परक्या ठिकाणी प्रत्येक वाक्य नव्याने कानावर पडतं.

मंडळीतली_मावशी

तीन पिढ्यांची ख्रिस्ती आहे, म्हणून दोन शब्द.

विजापूरवेशीतले भाऊ, आमच्या मंडळीत बाप्तिस्मा असा येता-जाता देत नाहीत. आधी शिकवण, मग मुलाखत. आमच्या घरातल्या पोरांनासुद्धा पुढे विश्वास जाहीर करायला वर्गाला बसवतात आणि ती कंटाळतात. आणि कीर्तन आमच्याकडेही आहे, पेटी-तबल्यासकट. कवी रेव्हरंड ना. वा. टिळकांनी अभंगाच्या चालीवर लिहिलेली गीतं आम्ही दर रविवारी म्हणतो. टिळक स्वतः १८९५ मध्ये ख्रिस्ती झाले, घरदार दुरावलं, पत्नी लक्ष्मीबाईंचे हाल झाले. त्याच टिळकांनी १९१७ मध्ये मिशन सोडून ‘देवाचा दरबार’ काढला. त्यात बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले, दोघांनाही जागा होती. म्हणजे नुसतं येऊन बसणारा माणूस मराठी मंडळीला नवा नाही.

पण होटगीरोडकर, तुमचंही मला खटकलं. तुम्ही आम्हाला पुस्तकासारखं वाचायला येताय. काही महिन्यांत तुम्हाला उपदेश दिसेल, गाणी दिसतील, हंगामाच्या, म्हणजे कापणीच्या आभाराच्या, सणाला लिलावात आठशेला गेलेली कोंबडी दिसेल. कमिटीच्या निवडणुकीतली भांडणं दिसणार नाहीत. मिळकतीवरून कोर्टात वर्षानुवर्षं चाललेली प्रकरणं, एकाच बाकावर बसून एकमेकांशी न बोलणारी घरं, हे दिसायला पोटभर वर्षं काढावी लागतात. संशयी माणसाने यायचं तर हेसुद्धा बघायची तयारी ठेवून यावं. नुसती गोड बाजू बघून ‘काय छान समाज’ म्हणणारे पाहुणे आम्हाला नाताळात भरपूर मिळतात.

भीमवाचक

सोलापूर म्हणून धागा काढलाय आणि सोलापुरातली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट कुणीच काढली नाही. येवल्याची धर्मांतराची घोषणा १९३५ ची. त्यानंतर १ जानेवारी १९३८ ला बाबासाहेब इथेच, सोलापुरात, ख्रिस्ती लोकांच्या सभेत बोलले. त्यांच्या ‘जनता’ पत्रात ते भाषण छापून आलं. धर्मांतरासाठी आपल्यासमोर बुद्ध आणि ख्रिस्त ही दोनच व्यक्तिमत्त्वं आहेत असं ते तिथे म्हणाले. म्हणजे तुमच्यापेक्षा कितीतरी गंभीरपणे त्यांनी या दाराचा विचार केला होता.

आणि त्याच सभेत त्यांनी यजमानांना सुनावलंही. दक्षिणेत चर्चमध्येसुद्धा जात पाळतात. तुमच्यात शिकलेली माणसं इतकी, पण समाज म्हणून तुम्ही सामाजिक अन्यायाविरुद्ध कधी लढला नाहीत. महारांची पोरं ख्रिस्ती झाली तर त्यांची शिष्यवृत्ती जाते, हेही त्यांनी बोलून दाखवलं. पुढे १९५६ साली त्यांनी कोणता रस्ता धरला ते सांगायला नको.

तो हिशेब अजून तसाच आहे. १९५० च्या आदेशाने अनुसूचित जातीचा दर्जा फक्त हिंदूंना, पुढे १९५६ मध्ये शिखांना आणि १९९० मध्ये बौद्धांना मिळाला. ख्रिस्ती दलित बाहेरच. होटगीरोडकर, तुम्ही सहा महिने बसून उठाल, तुमचं काही जाणार नाही. माझ्या आत्येभावाने तसं बसायला सुरुवात केली तेव्हा जात पडताळणीच्या वेळी काय होईल याच काळजीने घर हादरलं होतं. ‘जाऊन बसायला काय हरकत’ हा प्रश्न कुणाला परवडतो तेही बघा.

होटगीरोडकर

भीमवाचक, त्या भाषणात बाबासाहेबांनी केलं ते मला या धाग्यात हवं होतं. त्यांनी आत जाऊन, समोर बसलेल्या लोकांना तोंडावर विचारलं. बाहेरून ‘चर्चमध्येही जात आहे’ म्हणणारे पुष्कळ. १९३८ च्या त्या प्रश्नाला आज इथल्या मंडळ्यांचं उत्तर काय आहे, लग्नं कशी जुळतात, कमिटीवर कोण असतं, हे फाटकाबाहेरून कसं कळणार? जाण्याची किंमत सगळ्यांना सारखी नाही हे खरं. मग ज्यांना ती कमी मोजावी लागते त्यांनीच हा प्रश्न घेऊन जावं.

भीमवाचक

प्रश्न आमचा आणि विचारायला जाणार तुम्ही. हेही जुनंच आहे साहेब.

आणि बाबासाहेबांना तिथे बोलावलं होतं, ते वक्ते होते. शेवटच्या बाकावर बसून कोण कुणाला जाब विचारतं?

मंडळीतली_मावशी

लग्नं कशी जुळतात ते मीच सांगते, कुणी चर्चला यायची गरज नाही. आमच्यातही आडनाव बघतात. उघड बोलत नाहीत एवढंच. माझ्या धाकट्या मुलीच्या वेळी बघितलंय.

तर्कट_काका

मावशी, तुमच्या या दोन ओळींसाठी मी एका रविवारी यायला तयार आहे. उपदेशानंतर हात वर करून प्रश्न विचारता येतो का? येत नसेल तर होटगीरोडकरांचा ‘पटवून द्यायला बसतात’ हा मुद्दा निकालात निघाला. एकतर्फी बोलणं तर टीव्हीवरही ऐकायला मिळतं.

विजापूरवेशीतला

घ्या. काका निघाले पाण्यात उतरायला.

मंडळीतली_मावशी

काका, उपासना चालू असताना नाही. प्रभुभोजनाचा रविवार असेल तर भाकर आणि पेला बाप्तिस्मा झालेल्यांसाठी असतो. तुम्ही जागेवर बसून राहा, कुणी बघत नाही. अर्पणाची पिशवी आली की पुढे सरकवली तरी चालते. शेवटच्या आशीर्वादानंतर पाळक दाराशी हात मिळवायला उभे असतात, तिथे गाठा. ते म्हणतील घरी या, सविस्तर बोलू. तेव्हा सरळ वार आणि वेळ मागून घ्या, नाहीतर ते राहूनच जातं. विजापूरवेशीतल्या भाऊंनाही घेऊन या, कीर्तनाचं बोलायला कुणीतरी हवंच आहे.