शोधनिबंधावर विभागप्रमुखांचं नाव घालायलाच हवं का?

औषधी_पान: पीएचडीचा पेपर तयार होतोय. आराखडा गाइडचा, प्रयोग माझे. विभागातलं एचपीएलसी (मिश्रणातले घटक वेगळे करून मोजणारं उपकरण) वापरलं म्हणून विभागप्रमुखांचंही नाव घाल, असं गाइड म्हणतात. नमुने चालवून देणारे तंत्रज्ञ आणि सांख्यिकी करणारी सहकारी यांचं काय? शिवाय, आधीचा एक पेपर जर्नलकडे चार महिने पडून आहे. तो दुसरीकडे पाठवला तर चालेल?

तळटीप: नुसतं उपकरण दिलं म्हणून कुणी लेखक होत नाही. आयसीएमजेई, म्हणजे वैद्यकीय जर्नलांच्या संपादकांची आंतरराष्ट्रीय समिती, हिच्या चार अटी आहेत: आराखडा, माहिती गोळा करणं किंवा विश्लेषण यांत भरीव वाटा; मसुदा लिहिणं किंवा त्यात आशयाच्या दुरुस्त्या करणं; अंतिम प्रतीला मान्यता; आणि कामाच्या अचूकतेची जबाबदारी. चारही पूर्ण व्हायला लागतात. निधी मिळवणं किंवा विभागावर देखरेख ठेवणं तेवढ्यानं पुरत नाही. विभागप्रमुखांचे आभार ऋणनिर्देशात माना. ठरलेल्या पद्धतीनं नमुने चालवून देणाऱ्या तंत्रज्ञांचेही तिथेच, पण त्यांची लेखी संमती घेऊन. सहकारीनं विश्लेषण स्वतः आखलं असेल तर तिला मसुदा वाचायला द्याच. मसुदा दाखवायचा नाही आणि मग 'अटी पूर्ण नाहीत' म्हणून नाव गाळायचं, हा सरळ अन्याय आहे.

दुसरा_परीक्षक: गाइडना तोंडी 'नाही' म्हणणं अवघड असतं, म्हणून जर्नलच्या सूचनांचं पान पुढे ठेवा. अनेक जर्नलं 'क्रेडिट' या लेखकांच्या योगदानाच्या वर्गवारीतल्या १४ भूमिकांमधून प्रत्येकाचं काम लिहायला लावतात. मसुद्याआधीच तो तक्ता भरा. विभागप्रमुखांसमोरचा रकाना रिकामा राहिला की मुद्दा आपोआप स्पष्ट होतो. अंतिम प्रत सगळ्यांना ईमेलनं पाठवून 'मान्य आहे' अशी उत्तरं जपून ठेवा. सहलेखकांचे पत्ते खरेच द्या, कारण पुष्कळ जर्नलं प्रत्येकाला थेट कळवतात. नंतर नाव घालायचं किंवा काढायचं म्हटलं तर संपादक कारण आणि सगळ्यांची लेखी संमती मागतात, ज्याचं नाव काढायचं त्याचीसुद्धा. तोवर पेपर अडकतो. उद्या एखाद्या आलेखावर शंका निघाली, तर कामाला हात न लावलेल्या माणसालाही उत्तर द्यावं लागेल, हे गाइडना जरूर सांगा.

शोधयात्री: चार महिने झाले तरी एकाच वेळी दोन ठिकाणी पाठवू नका. विषय लहान असला की दोन्ही प्रती एकाच परीक्षकाकडे जाऊ शकतात आणि दोन्हीकडून नकार येऊ शकतो. हस्तलिखित क्रमांक देऊन संपादकांना सद्यःस्थिती विचारा. उत्तर नाही आलं तर सगळ्या लेखकांच्या संमतीनं पेपर मागे घेत असल्याचं कळवा. 'मागे घेतला' अशी लेखी पोच हातात आल्यावरच पुढे पाठवा. त्यासाठी कुणी पैसे मागत असेल तर जर्नलच संशयास्पद समजा.

आणि दोन्ही पेपरांत पद्धतीचा भाग तसाच्या तसा उतरवला असेल तर पहिल्याचा संदर्भ द्या. स्वतःचाच छापील मजकूर संदर्भाशिवाय नवा म्हणून वापरणं यूजीसीनं २०२० च्या सूचनेत अमान्य ठरवलंय.

औषधी_पान: परिषदेच्या पुस्तिकेत गोषवारा छापलाय, तो आधीचं प्रकाशन धरतात का?

शोधयात्री: नुसता गोषवारा सहसा आड येत नाही. परिषदेचं नाव आणि वर्ष संपादकांच्या पत्रात लिहा. पूर्ण लेख छापला असेल तर मात्र नवीन काय आहे ते दाखवावं लागेल.