विकत दिलेल्या खेळाचा सर्व्हर बंद करताना कंपनीने खेळही बंद करावा का?

मुळशीकर:

युबिसॉफ्ट कंपनीने 'द क्रू' या मोटारशर्यतीच्या खेळाचे सर्व्हर ३१ मार्च २०२४ रोजी बंद केले. डिसेंबर २०१४ मध्ये आलेला हा खेळ फुकट नव्हता, रोख पैसे मोजून घ्यावा लागत होता. त्यात सबंध अमेरिकेचा आटोपशीर केलेला नकाशा होता आणि एकट्याने गाडी हाकत या किनाऱ्यावरून त्या किनाऱ्यापर्यंत जाता येत असे. मात्र खेळ चालू असेपर्यंत कंपनीच्या सर्व्हरशी जोडणी सक्तीची असल्यामुळे सर्व्हर गेला त्या दिवशी एकट्याने खेळायचा भागही गेला आणि डिस्क घेतलेल्यांच्या हाती नुसती चकती उरली. सर्व्हरची यंत्रणा आणि परवान्यांच्या मर्यादा ही कारणे कंपनीने दिली होती.

यातूनच एप्रिल २०२४ मध्ये यूट्यूबवर खेळांविषयी चित्रफिती करणारे रॉस स्कॉट यांनी 'स्टॉप किलिंग गेम्स' ही मोहीम सुरू केली आणि पुढे युरोपीय संघातील नागरिकांच्या अर्जावर वर्षभरात दहा लाखांहून अधिक सह्या झाल्या. सर्व्हर कायम चालवत राहा, अशी त्यांची मागणी नाही. कंपनीने हात काढून घेताना खेळ खेळता येईल अशा अवस्थेत सोडावा, एवढेच त्यांचे म्हणणे आहे आणि माझेही तेच आहे. एखादा दिवाळी अंक बंद पडला म्हणून माळ्यावरचे त्याचे जुने अंक कोरे होत नाहीत.

माझ्याकडे अशाच दुसऱ्या एका खेळाची डिस्क आहे. नाशिकचा माझा मावसभाऊ मेलबर्नला गेल्यापासून शनिवारी रात्री आम्ही त्यावर शर्यत लावत होतो. आता डिस्क घातली की कंपनीचे बोधचिन्ह येते, संगीत सुरू होते आणि मग 'सर्व्हरशी जोडणी होऊ शकली नाही' अशी पाटी येते. त्या पाटीखाली 'पुन्हा प्रयत्न करा' हे एकच बटण आहे.

रातकिडा:

मुळशीकर, तुमचे दुःख खरे आहे, पण मी पुण्यात याच धंद्यात सर्व्हरच्या बाजूला काम करतो, म्हणून दुसरी बाजू मांडतो. सर्व्हर म्हणजे कपाटातून काढून कुणाच्याही हातात ठेवता येईल असा एखादा डबा आहे, असे बहुतेकांना वाटते. प्रत्यक्षात खेळाडूची ओळख पटवणारी सेवा वेगळी, खेळाडूंच्या जोड्या लावणारी वेगळी, गुण आणि गाड्या साठवणारा डेटाबेस वेगळा आणि लबाडी पकडणारी यंत्रणा त्याहून वेगळी असते. यांतल्या कित्येक गोष्टी दुसऱ्या कंपन्यांकडून परवान्यावर घेतलेल्या असतात. त्या उघड करण्याचा हक्क खेळ विकणाऱ्याला नसतो.

गेमस्पायचेच पाहा. कितीतरी प्रकाशकांचे खेळ जोड्या लावण्यासाठी या एका सेवेवर अवलंबून होते आणि ती ३१ मे २०१४ रोजी बंद झाली. कुणी धावपळ करून दुसरी सोय केली, तर कुणाच्या जुन्या खेळांचे ऑनलाइन दालन तिथेच मिटले. त्या प्रकाशकांना तेव्हा आपल्या खेळाचे सगळे धागे आपल्या हातात नाहीत, हे नव्याने कळले नव्हते. पण ते धागे परत गोळा करायचे तर मूळ काम करणारी माणसे केव्हाच दुसरीकडे गेलेली होती.

मी सांभाळलेल्या एका जुन्या खेळाच्या सर्व्हरवर शेवटच्या महिन्यात रात्री चार-पाच जण असत. त्यांच्यासाठी सुरक्षेच्या दुरुस्त्या, प्रमाणपत्रांची नूतनीकरणे आणि रात्री-अपरात्रीचे फोन सारे चालूच होते. त्या चौघांबद्दल मला आपुलकी होती. पण कायद्याने असा बोजा टाकला तर मोठ्या कंपन्या तो पेलतील आणि लहान स्टुडिओ ऑनलाइन खेळ करायचेच सोडून देतील, अशी मला भीती वाटते.

चाफेकळी:

फुकट उतरवून घ्यायच्या मोबाइल खेळांचे काय? तिथे पैसे खेळाला नव्हे, तर आतल्या कपड्यांना आणि बंदुकांच्या रंगांना मोजलेले असतात. माझ्या भाच्याने वाढदिवसाचे सगळे पैसे त्यात घातले आहेत. खेळ मिटला तर त्या रंगांचे काय होणार, याचे उत्तर या मागणीत मला दिसत नाही.

अबोली:

मी ग्राहकांच्या तक्रारी हाताळणारी वकील आहे आणि तरीही मुळशीकरांच्या मागणीशी पूर्ण सहमत नाही. माझ्या मते गोम विक्रीच्या क्षणात आहे. बटणावर 'विकत घ्या' असे लिहायचे आणि आतल्या करारात 'हा केवळ परत घेता येणारा परवाना आहे' असे म्हणायचे, ही फसगत आहे. कॅलिफोर्नियाने यावर कायदा केला असून १ जानेवारी २०२५ पासून तिथे डिजिटल वस्तू विकताना ग्राहकाला केवळ परवाना मिळत आहे, हे ठळकपणे सांगावे लागते. आपल्या ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ मध्येही 'अन्याय्य करार' ही व्याख्या आहे आणि वाजवी कारणाशिवाय एका पक्षाला एकतर्फी करार संपवू देणारी अट तीत बसते. आपल्याकडच्या कुणी खेळाडूने या आधारावर राज्य ग्राहक आयोगाकडे दाद मागितली, तर ती तक्रार मला वाचायला आवडेल.

मात्र उपाय म्हणून कंपनीला तिचा कोड, म्हणजे खेळाची मूळ आज्ञावली, द्यायला लावणे मला जड वाटते. सोनीने 'कॉन्कॉर्ड' हा खेळ २३ ऑगस्ट २०२४ रोजी आणला, ६ सप्टेंबरला बंद केला आणि घेणाऱ्यांचे पैसे परत केले. खेळ गेला याचे वाईट वाटले असेल, पण ग्राहक म्हणून कुणी नागवला गेला नाही. विक्रीच्या वेळीच 'अमुक तारखेपर्यंत खेळ चालेल' अशी हमी द्यावी आणि ती मोडल्यास पैसे परत करावेत. न्यायालयात टिकेल अशी मागणी हीच आहे.

मुळशीकर:

अबोलीताई, दोन आठवड्यांत बंद पडलेल्या खेळाचे पैसे परत करणे सोपे असते. दहा वर्षे खेळलेल्या खेळाचे कुठले पैसे परत मागणार, आणि मिळाले तरी त्यातून तो खेळ परत येत नाही. मला पैसे नको आहेत, खेळ हवा आहे.

रातकिडा, तुम्ही सांगितलेल्या अडचणी मी नाकारत नाही, पण त्या पार केल्याची उदाहरणे आहेत. आयडी सॉफ्टवेअरने 'क्वेक'चा कोड १९९९ मध्ये खुला केला आणि तो खेळ आजही लोक आपापल्या सर्व्हरवर खेळतात. 'नॉकआउट सिटी' २०२३ च्या जूनमध्ये बंद झाला, तेव्हा त्याच्या स्टुडिओने संगणकावरच्या खेळाडूंसाठी स्वतःचा सर्व्हर चालवता येईल अशी आवृत्ती देऊन निरोप घेतला. हा स्टुडिओ काही अवाढव्य नव्हता. सर्वांत बोलके उदाहरण खुद्द युबिसॉफ्टचे आहे. इतका गदारोळ झाल्यावर त्यांनी 'द क्रू २'ला जोडणीशिवाय चालणारी सोय जाहीर केली आणि २०२५ मध्ये ती दिलीही. दुसऱ्या भागात जे जमले, ते पहिल्याच्या वेळी मनावर घेतले गेले नाही, एवढाच याचा अर्थ मी काढतो.

चाफेकळी, भाच्याच्या प्रश्नावर माझ्याकडेही उत्तर नाही.

गस्तीवाला:

मला या मागणीतच एक चूक दिसते. ऑनलाइन खेळ म्हणजे त्यातली माणसे. मायक्रोसॉफ्टच्या मूळ एक्सबॉक्स या खेळयंत्राची ऑनलाइन सेवा १५ एप्रिल २०१० रोजी थांबवण्यात आली, तेव्हा 'हेलो २' खेळणाऱ्या काही जणांनी यंत्र बंदच केले नाही, कारण चालू असलेली जोडणी तुटेपर्यंत खेळता येत होते. एकेकाची जोडणी तुटत गेली आणि शेवटचा खेळाडू मे महिन्यात बाहेर पडला. त्याच्याकडे खेळ होता, सर्व्हरही जागा होता. खेळायला समोर कुणी नव्हते. म्हणून माझे म्हणणे असे की जपणूक संग्रहालयांनी करावी, त्यासाठी त्यांना कायद्याने मोकळीक द्यावी आणि बाकीच्यांनी खेळ संपला हे मान्य करावे.

मुळशीकर:

गस्तीवाले, माणसे आपणहून निघून जाणे आणि माणसे बसलेली असताना दिवे घालवणे या दोन गोष्टी वेगळ्या आहेत. 'सिटी ऑफ हीरोज' हा खेळ ३० नोव्हेंबर २०१२ रोजी बंद झाला. तुमच्या हिशेबाने तो संपला होता. चाहत्यांनी तो स्वतःच्या सर्व्हरवर पुन्हा उभा केला आणि जानेवारी २०२४ मध्ये मूळ कंपनीने, एनसीसॉफ्टने, त्यांतल्या 'होमकमिंग' या गटाला रीतसर परवाना दिला. अकरा वर्षांनीही माणसे होती. आम्हाला तर दोघेच पुरेत.

रातकिडा:

'द क्रू २'च्या उदाहरणावर मी दोन दिवस विचार केला. जुन्या खेळांना मागाहून ही सक्ती करू नये, या मतावर मी कायम आहे, कारण त्यांचे करार होऊन गेले आहेत आणि कोडही विखुरला आहे. नव्या खेळांबाबत मात्र माझा विरोध मी मागे घेतो. शेवट कसा करायचा हे पहिल्याच महिन्यात ठरवले, तर खर्च फार येत नाही. बाहेरच्या सेवा घेताना करारात एक कलम घालावे लागते आणि एकट्याने खेळायचा भाग सर्व्हरपासून वेगळा ठेवावा लागतो. जुन्या काळी संगणकावरच्या खेळांत सर्व्हरचा पत्ता खेळाडूलाच लिहायला एक चौकट असायची. आम्ही सध्या ज्या खेळावर काम करत आहोत, त्याच्या कामांच्या यादीत आज मी ती चौकट घातली आहे. वरिष्ठ ती ठेवतात की खोडतात, हे सोमवारच्या बैठकीनंतर इथेच लिहीन.